‘ईग बेड, नोडोण’

प्रश्न: माझे मालक ५७ वर्षांचे. येळ्ळूरजवळ आमची थोडी भातशेती आहे. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या मानेत गाठ दिसली. बायोप्सीत ‘फॉलिक्युलर लिम्फोमा, लो ग्रेड’ निघालं, स्कॅननंतर तिसरी स्टेज सांगितली. बेळगावचे डॉक्टर म्हणाले, ‘ईग एनू बेड, नोडोण’, आणि दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं. मुलानं घरी येऊन सांगितलं, काही करायचं नाही. थोरले दीर म्हणतात, डॉक्टरांनी हात टेकले, जमीन विका आणि मुंबई गाठा. जाऊबाईंनी काढा आणलाय. मालक काही बोलत नाहीत, रोज शेताकडं जातात. रात्री ते झोपले की मी गाठ चाचपते. घरात कॅन्सर असताना गप्प कसं बसायचं?

उत्तर: ताई, आपण सीमाभागातली माणसं दवाखान्यात कानडी ऐकतो आणि घरी येऊन मराठीत सांगतो. वाटेत अर्थ सांडतो. ‘ईग’ म्हणजे आत्ता, ‘एनू’ म्हणजे काही, ‘बेड’ म्हणजे नको, ‘नोडोण’ म्हणजे बघूया. तुमच्यापर्यंत ‘आत्ता’ही पोचलं नाही आणि ‘बघूया’ही. उरलं नुसतं ‘नाही’, आणि त्यानं तुमची झोप नेली.

लिम्फोमा म्हणजे अंगातल्या लसिका ग्रंथींचा कॅन्सर, आणि ‘लो ग्रेड’ म्हणजे तो सावकाश वाढणारा आहे. औषधानं तो बहुधा मुळासकट जात नाही, पण दबतो आणि वर्षानुवर्षं दबून राहू शकतो. मग त्रास नसताना केमो सुरू करून काय मिळतं? ब्रिटनमध्ये अशा सावकाश वाढणाऱ्या लिम्फोमाच्या ३०९ रुग्णांवर हेच तपासलं गेलं, २००३ साली ते प्रसिद्ध झालं. काहींना लगेच केमोच्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांवर नुसतं लक्ष ठेवलं. थांबलेल्यांचं आयुष्य त्यामुळं कमी झालं नाही. त्यांच्यातल्या साधारण पाचातल्या एकाला १० वर्षांनंतरही केमो लागली नव्हती. तिसऱ्या स्टेजचंही असंच. या आजारात बहुतेकांच्या गाठी सापडतात तेव्हाच अंगात पसरलेल्या असतात, म्हणून नुसत्या स्टेजवरून औषध सुरू करत नाहीत. मात्र भराभर वाढणारे लिम्फोमाही असतात, त्यांना थांबून चालत नाही. तेव्हा हे उत्तर शेजारच्या कुणाला लावू नका.

तुमचे मालक गप्प आहेत ते खचून, असं मला वाटत नाही. भातावर चार किडे दिसले म्हणून ते त्याच दिवशी पंप पाठीला लावतात का? बांधावरून फिरतात, चुडात वाकून बघतात, कीड किती ते पाहतात, मग ठरवतात. डॉक्टरांचं म्हणणं त्यांना तुमच्याआधी उमगलं असेल. एकदा शेतात जाऊन त्यांनाच विचारा.

लक्ष कशावर ठेवायचं, तेही सांगते. कारण नसताना येणारा ताप, रात्री अंथरूण भिजेल असा घाम, सहा महिन्यांत वजन दहाव्या हिश्शानं घटणं, एखादी गाठ पटापट मोठी होणं, धाप, पोट फुगणं. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनियाची कधी, हे डॉक्टरांना विचारून घ्या. या आजारात जंतुसंसर्ग लवकर होतो.

काढा बंद करा. जाऊबाईंची माया खरी आहे, पण त्यात काय उकळलंय ते कुणालाच ठाऊक नाही. उद्या लिव्हरचा रिपोर्ट बिघडला, तर बिघाड आजाराचा की काढ्याचा हे डॉक्टरांनी कसं ओळखायचं? जाऊबाईंना सांगा, गरम भाकरी घेऊन या.

दिरांना दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर जरूर घ्या, त्यात कुणाचा अपमान नाही. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) लॅबकडून मागून घ्या, स्कॅनची सीडी घ्या, फाईल घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलात दाखवा. त्याला रेल्वेचं तिकीट आणि थोडे पैसे लागतील, जमीन नाही. ज्या वर्षी औषध सुरूच करायचं नाही, त्या वर्षी जमीन विकून तो पैसा कशावर घालणार? आयुष्मान कार्ड मात्र आत्ताच काढून ठेवा. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात मिळतात.

आणि तुमचा तो रात्रीचा हात. मला कळतं तो का जातो. पण रोज चाचपून फरक समजत नाही, भीतीच वाढते. महिन्यातला एक दिवस ठरवा, अमावास्या नको वाटत असेल तर पौर्णिमा धरा. उजेडात, दोघांनी मिळून गाठ बघा, वहीत लिहा. बाकीच्या रात्री हात त्यांच्या हातात असू दे.

पुढच्या तारखेला तुम्हीही जा. दाराशी उभ्या राहू नका, खुर्ची ओढून बसा आणि म्हणा, ‘डॉक्टर, मला मराठीत सांगा.’ मोडक्या मराठीत सांगितलं तरी चालेल. काय म्हणाले ते मला कळवा, मी वाट बघते.