नळाला जोर, दोष कोणाचा?

प्रश्न : प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह (घरात येणाऱ्या पाण्याचा दाब कमी करणारी झडप) असूनही रात्री नळ उघडताच पाणी उसळते. व्हॉल्व्ह बिघडला आहे का?

उत्तर : व्हॉल्व्हच्या पुढच्या, म्हणजे घराच्या बाजूच्या, एखाद्या नळाला प्रेशर गेज लावून बाकी सर्व नळ बंद ठेवावेत, घराला साधारण ३ बार दाब पुरतो. काटा हळूहळू चढत राहिला, तर व्हॉल्व्हच्या सीटवर (झडप बंद होताना जिथे टेकते त्या जागेवर) कचरा अडकला आहे किंवा ती झिजली आहे. मात्र गिझरमध्ये तापून प्रसरण पावणारे पाणीही काटा चढवते, म्हणून तो आधी बंद करावा. काटा स्थिर, पण दाब जास्त असेल, तर व्हॉल्व्हवरचा लॉकनट (स्क्रू जागेवर पक्का धरणारा नट) सैल करून दाब ठरवणारा स्क्रू डावीकडे पाव फेराच फिरवावा आणि नळ क्षणभर उघडून बंद केल्यावरच गेज पाहावा, कारण पाइपमध्ये कोंडलेला जुना दाब तसाच दिसत राहतो. चढता काटा मात्र स्क्रूने आटोक्यात येत नाही. तेथे सीट साफ करावी किंवा कार्ट्रिज (व्हॉल्व्हमधला बदलता येणारा आतला भाग) बदलावे.