बेअरिंगचे गोळे घातलेली काडतुसं: मामांना नाही म्हणा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर झोपच लागली नाही. मुळशीत भाताची खाचरं, रात्री डुकरांचा कळप, दुकानातली काडतुसं महाग आणि मोजून मिळणारी, आणि मामांनी गावातल्या कुणाकडून तरी बेअरिंगचे गोळे घालून भरून आणलेली काडतुसं, 'कंपनीपेक्षा लांब मारतात' म्हणून. बाराबोअरमध्ये, म्हणजे छर्र्यांच्या बंदुकीत, चालतील का असं विचारलंय तुम्ही. नाही चालणार. मी धनकवडीत राहतो, शेत वेल्ह्याकडे (आता राजगड तालुका), आणि 2011 च्या ऑक्टोबरात आमच्याकडे हेच झालंय.

बंदूक कशी धरायची, परवाना कुणाच्या नावावर वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. आधीच सांगतो, मी बंदूक कारागीर नाही की वकील नाही, जे भोगलं आणि नंतर जाणकारांना विचारून समजून घेतलं तेवढंच लिहितोय.

काकांच्या नावावर पीकसंरक्षणाचा परवाना, जुनी दुनळी बाराबोअर. तेव्हा परवाना 3 वर्षांचा असायचा (आता 5 वर्षांचा झालाय), नूतनीकरणाला अर्ज मुदतीत दिलेला, पोच हातात, पण एका कार्यालयात ती फाइल सोळा महिने पडून. या टेबलावरून त्या टेबलावर, साहेब दौऱ्यावर, अमका दाखला जुना झाला नवा आणा, नवा नेला की म्हणे जुनाच हवा होता. काका वेल्ह्याहून एसटीने यायचे, दिवस मोडायचा, संध्याकाळी रिकाम्या हाताने परत. परवान्यावर शिक्का नाही म्हणून दुकानदार काडतूस देईना, आणि तो बरोबरच होता. इकडे भात पिकलेलं. मग वाडीतल्या एकाने भरलेली काडतुसं आणून दिली, वापरलेल्या नळकांड्यात पुन्हा दारू आणि छर्रे कोंबलेली. त्या कार्यालयाचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही, पण ती काडतुसं घरात घेतली आम्हीच, आणि पुढची चूक तर निव्वळ माझी.

पहिला बार काढला तर नेहमीसारखा धडाका नाही, नुसतं 'फुस्स' झालं. काका म्हणाले, काय झालं रे? मी म्हणालो, दमट असेल, दुसरं घाला. बंदूक उघडली, रिकामं नळकांडं काढलं, त्याच नळीत दुसरं घातलं. माझ्या हातात बॅटरी होती हो, डुकरं दिसावीत म्हणून पेटवलेली. ती दोन सेकंद नळीत मारली असती तर आत अडकलेलं वॅड दिसलं असतं, म्हणजे दारू आणि छर्र्यांच्या मधलं बूच. पहिल्या बारात जोरच नव्हता म्हणून ते बाहेर पडलंच नाही. दुसरा बार त्याच्यावर जाऊन आदळला आणि नळी चेंबरच्या (काडतूस बसतं ती जागा) पुढे वीतभर अंतरावर फाटली, नेमका जिथे डावा हात असतो तिथे. वेल्ह्याहून नसरापूर, तिथून कात्रज करत पुण्यात आणेपर्यंत दोन तास गेले. डाव्या हाताची दोन बोटं गेली. भात कापताना डाव्या हातात मूठ धरायची असते, उजव्यात विळा. काकांना ती मूठ पुन्हा धरता आली नाही. पोलिस केस वगैरे जे व्हायचं ते झालं, त्यावर लिहीत नाही.

म्हणून माझं ठाम मत, बाकी काही विसरलात तरी चालेल पण आवाज वेगळा आला की थांबायचं. बार उडालाच नाही तर तोंड मोकळ्या दिशेला ठेवून मिनिटभर तसंच धरून राहायचं, कधी कधी दारू उशिरा पेटते. मग उघडायची, दोन्ही नळ्या रिकाम्या करायच्या आणि चेंबरच्या बाजूने आरपार बघायचं. गोल स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. पावसाळाभर भिंतीला टांगलेली असेल तर पहिल्या बाराआधी पण बघा, कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करून ठेवते.

आता बेअरिंगबद्दल. लांब मारतात हे खरं नाही. शिशाची घनता 11.3, पोलादाची 7.8, म्हणजे तेवढ्याच आकाराचा गोळा हलका, हवेत वेग लवकर सोडतो आणि लांबवर मार कमी पडतो. शिसं मऊ असतं, नळीच्या तोंडाशी चोक, म्हणजे मुद्दाम अरुंद केलेला भाग, असेल तर तिथून दबून निघतं. बाराबोअरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर, फुल चोकला तोंडाशी एखादा मिलिमीटर कमी. कडक गोळे तिथे दबत नाहीत, जुनी नळी फुगते नाहीतर आतून ओरखडते. कंपन्या पोलादी छर्रे भरतात तेव्हा जाड प्लॅस्टिकच्या कपात भरतात आणि त्यासाठी तपासलेल्या नळीतच वापरा म्हणतात. शिवाय बाराबोअर रायफलसारखी भक्कम नसतेच. बाराबोअरच्या नेहमीच्या काडतुसाला दाबाची कमाल मर्यादा 11,500 पीएसआय (दाब मोजायचं एकक), रायफलची काडतुसं 50-60 हजारांची असतात. कुणीतरी अंदाजाने भरलेल्या काडतुसात कुठली दारू, किती, हे भरणाऱ्यालाही सांगता येत नाही, त्यामुळे एक फुस्स निघतं आणि पुढचं नळी फाडतं. मेण ओतलेली, काप मारलेली काडतुसं लोक व्हिडिओ बघून करतात, तीही याच माळेतली.

कायद्याचं म्हणाल तर विनापरवाना दारूगोळा बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्यात गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. घरात ठेवणंही अंगाशी येतं. त्यामुळे ती काडतुसं परत नेऊन द्या वगैरे सल्ला मी देणार नाही, आधी एखाद्या वकिलाशी बोला आणि त्यांच्यामार्फत पोलिसांकडे जमा करा. तोवर उघडून बघू नका, चुलीत टाकू नका, गाडीच्या डिकीत घालून फिरवू नका.

कंपनीचं काडतूस घेतलं तरी एक बघाच. बंदूक उघडून नळ्यांच्या खालच्या सपाट भागावरचे शिक्के वाचा. जुन्या विलायती बंदुकांचं चेंबर बऱ्याचदा 65 मिलिमीटर लांबीचं असतं. 70 चं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण तोंड दुमडलेलं असतं आणि 70 हा आकडा उडून उलगडल्यावरचा आहे. मग ते उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चालतं असं नाही. आणि 20 बोअरचं, म्हणजे बाराहून बारीक, एखादं काडतूस पिशवीत मिसळलेलं नाही ना तेही बघा, ते बाराबोअरच्या चेंबरमधून पुढे घसरून अडकतं, वरून बाराचं बसतं, आणि मग काय होतं ते वर लिहिलंच आहे. म्हणूनच कंपन्या 20 बोअर पिवळ्या रंगात देतात.

डुकराला मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, बंदुकीचा परवाना पुरत नाही, हे मामांना माहीत आहे का विचारा. आम्ही आता झटका मशीनची तार लावलीय, खालची तार जमिनीपासून वीतभर, गवत वाढलं की दर आठवड्याला कापावं लागतं नाहीतर करंट उतरतो. नुकसान झालं की पंचनामा करून भरपाईचा अर्ज पण टाका, पैसे उशिरा येतात पण येतात.

आज संध्याकाळी जमलं तर बंदूक रिकामी करून ते शिक्के बघा आणि आकडे इथे लिहा, मी रात्री नऊनंतर असतो.