वजन कमी, झोप कुशीवर आणि खांदा-खुबा दुखतो: गादी कशी निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वजन ४५ किलो, लहानपणापासून डाव्या कुशीवर झोपायची सवय. सकाळी उठल्यावर डावा खांदा आणि खुब्याची बाहेरची बाजू ठणकते, हाताला मुंग्या येतात. कंबर दुखायची म्हणून सगळ्यांनी सांगितलं तशी ६ इंची 'ऑर्थोपेडिक' गादी घेतली, तर दुखणं वाढलं. मिस्टरांचं वजन ८० च्या वर आहे आणि त्यांना तीच गादी छान वाटते. आता आणखी कडक घ्यायची की मऊ?

आणखी कडक अजिबात घेऊ नका. तुम्हाला मऊ हवी, पण फक्त वरून. खालचा भाग भक्कम आणि वरचे २ ते ३ इंच खरोखर मऊ, अशी गादी तुमच्या अंगाला लागते. का ते जरा सविस्तर सांगते, कारण दुकानात गेल्यावर 'मॅडम, पाठीसाठी हार्डच चांगली' हे पुन्हा ऐकावं लागणार आहे आणि तेव्हा तुमच्याकडे उत्तर असायला हवं. आमचं गाद्या-उशांचं दुकान आहे, वडिलांनंतर मी बघते. बारीक अंगाच्या बायका नेमकी हीच तक्रार घेऊन येतात, आणि बहुतेकींच्या घरी कडक गादीच असते.

उताणं झोपल्यावर अंगाचं वजन पाठ, कुल्ले, मांड्या, पोटऱ्या असं सगळीकडे पसरतं. कुशीवर वळलं की ते मुख्यतः दोन ठिकाणी येतं: खांद्याचं टोक आणि खुब्याच्या बाहेर हाताला लागतो तो हाडाचा उंचवटा. भरल्या अंगाच्या माणसाला तिथे मांसाचा थर असतो, शिवाय त्याच्या वजनाने गादी दबते आणि खांद्याला जागा करून देते. ४५ किलोच्या अंगाखाली तीच गादी दबतच नाही. खांदा आणि खुबा वर टेकलेले राहतात, मधली कंबर अधांतरी राहते आणि रात्रभर तिथले स्नायू तिला सावरून धरतात. म्हणून तुमचा खुबाही दुखतो आणि कंबरही. लेबलवरचं 'मीडियम', 'फर्म' हे मधल्या वजनाच्या माणसाला धरून लिहिलेलं असतं. मीडियम म्हणून विकलेली गादी तुम्हाला कडक लागेल, आणि सॉफ्ट म्हणून विकलेली बहुधा मीडियम वाटेल.

'ऑर्थोपेडिक' हा शब्द विक्रीचा आहे. आपल्याकडे असं लिहिलेल्या गादीत बहुतेक वेळा रिबॉन्डेड फोम नाहीतर कॉयर असतं. फोम कापताना उरलेले तुकडे बारीक करून, चिकटवून, दाबून रिबॉन्डेड बनतो. नारळाच्या काथ्यावर लॅटेक्स (रबराचा चीक) मारून त्याच्या शीट दाबल्या की कॉयर होतं. दोन्ही टिकाऊ आहेत, वजनदार माणसाला आणि उताणं झोपणाऱ्याला मानवतात, खालचा थर म्हणून मलाही आवडतात. पण त्यांवर नुसतं अर्ध्या इंचाचं क्विल्टिंग असेल, तर तुमच्या खुब्याला तिथे काहीच आधार नाही.

कडक गादीचा आग्रह कंबरदुखीलाही फारसा लागू पडत नाही. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या. ९० दिवसांनी पाहिलं तर मध्यम कडक गादीवाल्यांचं झोपेतलं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि रोजच्या हालचालींतली अडचण, तिन्ही बाबतींत फरक अधिक चांगला होता. डॉक्टर 'कडक गादी घ्या' म्हणतात तेव्हा बरेचदा त्यांच्या डोळ्यांसमोर खड्डा पडलेली, झोळ आलेली गादी असते. पुढच्या वेळी त्यांना सरळ विचारा, 'मी कुशीवर झोपते, खुबा दुखतो, तरी कडकच हवी का?'

खुब्याबद्दल आणखी थोडं. चाळिशीनंतरच्या बायकांमध्ये खुब्याच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं बरंच आढळतं. त्या उंचवट्यावर द्रवाची एक छोटी पिशवी असते आणि कुल्ल्याच्या स्नायूंचे कंडरे तिथेच जोडलेले असतात. त्या कुशीवर झोपलं की ते सगळं दाबलं जातं. दुसऱ्या कुशीवर झोपलं तरी वरचा पाय पुढे ओघळला की त्या बाजूचे कंडरे ताणले जातात. म्हणून उशी नुसती गुडघ्यांत धरून भागत नाही, ती घोट्यापर्यंत पोचायला हवी. घरातला जुना लोड किंवा लांबट उशी चालते. दुसरी एक उशी छातीशी कवटाळून झोपा, म्हणजे वरचा खांदा पुढे पडत नाही. ही दोन्ही कामं आज रात्रीच करता येतील आणि त्यांना पैसे लागत नाहीत.

गादी लगेच फेकू नका. खड्डा पडलेला नसेल तर तिच्यावर २ किंवा ३ इंची टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा वेगळा मऊ थर, टाका. एवढ्या वजनाच्या माणसाला टॉपरने खरोखर फरक पडतो, कारण तुम्ही २ इंचांच्या खाली फारशा जातच नाही. टॉपर लॅटेक्सचा घ्यावा की मेमरी फोमचा, यावर माझं मत लॅटेक्सच्या बाजूने आहे, पण मऊ प्रतीचा. लॅटेक्स अंगाखाली लगेच दबतो आणि कूस बदलली की लगेच वर येतो. थंडी-उन्हाळ्याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. रबराची ॲलर्जी असेल तर मात्र नको. दुकानदाराकडे साध्या लॅटेक्सचा एकच मध्यम तुकडा असतो आणि तोच पुढे केला जातो, म्हणून 'सॉफ्ट' असं स्पष्ट सांगा आणि हाताने दाबून नव्हे, कोपराने दाबून बघा. कोपर खांद्याच्या टोकासारखं वागतं.

मेमरी फोमचा शोध १९६६ साली नासाच्या कामातून लागला, चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनांसाठी तो बनवला. तो अंगाच्या उबेने आणि वजनाने मऊ होतो. खांद्याला आणि खुब्याला तो फार छान सामावून घेतो. पण नाशिक-पुण्याकडच्या डिसेंबरच्या रात्री तो सुरुवातीला चांगलाच कडक असतो, आणि हलक्या अंगाला तो दबायला वेळ लागतो. कोकणात, मुंबईत उकाड्याच्या दिवसांत त्यात गरम होतं. घ्यायचाच तर ५० डेन्सिटीच्या पुढचा घ्या. हलका मेमरी फोम लवकर बसतो. आणि 'मेमरी फोमची गादी' म्हणून जी विकतात, तिच्यात मेमरीचा थर किती इंचांचा आहे ते विचारा. अर्धा किंवा एक इंच असेल तर तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

डेन्सिटीचा उल्लेख आला म्हणून एक गैरसमज दूर करते. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, तो कडक आहे की मऊ हे कळत नाही. ४० डेन्सिटीचाच फोम मऊही मिळतो आणि कडकही. 'जास्त डेन्सिटी म्हणजे हार्ड, म्हणून पाठीला चांगलं' हे वाक्य कुठे ऐकलंत तर बोलणाऱ्याला फोमची माहिती नाही असं समजा.

स्प्रिंगबद्दल फार लिहीत नाही. जोडलेल्या स्प्रिंगची बोनेल गादी तुमच्यासाठी नको. पॉकेट स्प्रिंग, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असलेली, चालेल, पण तिच्यावरही २ इंच मऊ थर हवा.

कापसाच्या गादीचा प्रश्न अनेक जण विचारतात. नवीन पिंजलेली, सरकी काढलेल्या चांगल्या कापसाची गादी हलक्या माणसाला पहिले काही महिने फार सुखाची असते. मग कापूस दबतो, गोळे होतात आणि नेमकं खुब्याखाली कडक होतं. दर वर्षा-दोन वर्षांनी पिंजून घ्यायची तयारी असेल आणि तुमच्या गावात पिंजारी येत असेल, तर कॉयरच्या गादीवर कापसाची पातळ गादी हा चांगला, स्वस्त आणि थंड पर्याय आहे. शहरात आता पिंजून देणारे सापडणं कठीण झालंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तयार मिळणाऱ्या स्वस्त गाद्यांत चिंध्यांचा कापूस भरलेला असतो, तो घेऊ नका.

आता कव्हर. याकडे कुणी लक्ष देत नाही आणि हलक्या माणसाला त्यानेच सगळा फरक पडतो. खाली कितीही मऊ लॅटेक्स असो, त्यावर जाड क्विल्टिंगचं ताठ कव्हर, वर प्लॅस्टिकच्या अस्तराचा प्रोटेक्टर आणि त्यावर घट्ट खोचलेली चादर असेल, तर तुमचं अंग त्या ताणलेल्या कापडावरच राहतं, खालच्या थरापर्यंत पोचतच नाही. विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाचं कव्हर मागा. चादर सैल ठेवा. दुकानात गादी प्लॅस्टिकमध्येच दाखवतात, ते काढायला लावा आणि मगच झोपून बघा.

झोपून बघा म्हणजे स्वतःच्या कुशीवर, स्वतःच्या उशीवर, निदान १५ मिनिटं. लाजू नका, उशी घरून न्या. सोबत कुणाला तरी पाठीमागून फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ साधारण सरळ दिसली पाहिजे. कंबरेखालून हात सहज आरपार जात असेल तर गादी कडक आहे. हात घालायला जागाच नाही आणि खुबा खोल गेलेला दिसतोय, तर खालचा थर कमजोर आहे.

टॉपर आला की उशीही तपासावी लागेल. खांदा खाली जातो, त्यामुळे पूर्वीची उशी उंच होते आणि मान वरच्या बाजूला वाकते. हाताच्या मुंग्यांचं कारण बरेचदा अर्धं खांद्यात आणि अर्धं मानेत असतं. सावरीच्या कापसाची उशी इथे उपयोगी पडते, शिवण उसवून मूठभर कापूस काढता किंवा घालता येतो. बारीक खांद्यांना दबल्यानंतर साधारण ४ इंच उंची पुरते.

मिस्टरांचा प्रश्न राहिला. एकाच गादीवर ४५ आणि ८० किलो असले की त्यांच्या बाजूला गादी दबते, तुम्ही तिकडे कलंडता आणि झोपेतही स्वतःला आवरून धरता. ७२ इंच रुंदीच्या पलंगावर ३६ इंचांच्या दोन वेगळ्या गाद्या हा मला सर्वांत चांगला उपाय वाटतो. उंची दोन्हींची सारखी ठेवा, आतले थर वेगळे. स्थानिक गादीवाला हे ऑर्डरप्रमाणे करून देतो. त्याला असं सांगा: माझ्या बाजूला खाली ४ इंच ४० डेन्सिटीचा एचआर फोम (हाय रेझिलियन्स, दबून चटकन वर येणारा), वर २ इंच सॉफ्ट लॅटेक्स, दुसऱ्या बाजूला खाली ४ इंच रिबॉन्डेड, वर २ इंच मीडियम फोम, थर एकमेकांना चिकटवू नका, चेनचं कव्हर द्या. न चिकटवलेले थर असले की पुढे फक्त वरचा थर बदलता येतो. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत किती दिवसांची आहे आणि गादी न्यायला कोण येणार, हे आधी लेखी घ्या. वॉरंटी साधारणपणे खड्डा पडला तर मिळते, गादी अंगाला मानवली नाही म्हणून मिळत नाही.

काही दुखणी मात्र गादीने जात नाहीत. कुठल्याही कुशीवर दुखणं थांबत नसेल, रात्री दुखण्यानेच जाग येत असेल, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, ताप असेल किंवा मुंग्या दिवसाही येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. पायांतली ताकद अचानक गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी जा. वजन कमी असणं हा हाडं ठिसूळ होण्यातला एक धोका आहे, तेव्हा पाळी थांबली असेल तर हाडांची तपासणी आणि ड जीवनसत्त्व यांबद्दलही विचारून घ्या.

टॉपर घेतल्यावर अंगाला सवय व्हायला आठ-पंधरा दिवस द्या, पण खुब्याचा ठणका पहिल्या काही रात्रींतच थोडा कमी वाटायला हवा. लॅटेक्स किंवा फोम कापसाच्या गादीसारखा उन्हात टाकू नका, उन्हाने तो पिवळा पडतो आणि त्याचा भुगा होतो. सावलीत, खिडकीजवळ उभा करून वारा द्या आणि तीन-चार महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायांकडे फिरवा.