शिडाच्या बोटीवर पोरांची शाळा

प्रश्न : जुलैत साउथॅम्प्टनहून निघायचं आणि नोव्हेंबरअखेर कॅनरी बेटांवरून अटलांटिक ओलांडून अँटिग्वा गाठायचं, असा बेत आहे. मुलगी १० वर्षांची, मुलगा ७. कोल्हापुरातून आई रोज विचारते, "पोरांची शाळा बुडवून कुठं निघालाय?" बोटीवर रोज सहा तास शिकवणं जमेल का?

उत्तर : जमणार नाही, आणि गरजही नाही. दोनच पोरं समोर असताना सकाळचे दोन-अडीच तास पुरतात, तेही बोट नांगरावर असेल तेव्हा. बोट चालू असताना, निदान पहिले तीन दिवस, पुस्तक उघडू नका. केबिनमध्ये मान खाली घालून वाचताना डोळ्यांना पान स्थिर दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हेलकावे जाणवतात. मग ओकारी ठरलेली, आणि पोरं राग काढतात गणितावर. तेवढे दिवस वर बसून क्षितिजाकडे बघत पाढे, पावकी, दीडकी, भेंड्या.

पुढं लॉगबुक मुलीकडे द्या. अंतर साधारण २,७०० सागरी मैल. दिवसाला १३० कापले तर किती दिवस? हा भागाकार रोज, त्या दिवशीची खरी मजल धरून. दर तीन तासांनी बॅरोमीटर वाचून आलेख काढू दे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, चारच्या सुमारास उतरतो. फरक जेमतेम तीन हेक्टोपास्कल. ही लय तिला आठवड्यात सापडेल. ती मोडून दाब उतरतच राहिला, तर तिनं आधी कप्तानाला उठवायचं.

धाकट्याला ध्रुवतारा द्या. तो क्षितिजापासून जितके अंश वर, तितका आपला अक्षांश. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश. कॅनरीत ध्रुव जवळजवळ तीन मुठी वर, अँटिग्वाला पावणेदोन. कोल्हापूरही १७ अंशांच्या आसपासच, म्हणजे आजीच्या गच्चीवरही पावणेदोनच. रंकाळ्याच्या दिव्यांत दिसला नाही तर पन्हाळ्यावरून मोजा म्हणावं.

मराठी बोलणं टिकतं, लिहिणं आधी जातं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, ती निघण्याआधीच उतरवून घ्या. आजीनं पाच-पाच ओळींचं शुद्धलेखन आवाजात रेकॉर्ड करून पाठवावं, बंदरात नेट मिळालं की उतरवून घ्यायचं. अँटिग्वात सकाळचे सात म्हणजे कोल्हापुरात दुपारचे साडेचार. वह्या तपासायला आजीला चहाची वेळ सोयीची.

वह्या दोऱ्यानं शिवलेल्या घ्या, पिना खाऱ्या हवेत गंजून पानं डागाळतात. लिहायला पेन्सिल, शाई ओलाव्यानं फुटते. सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह.

इंग्लंडमध्ये शाळेला लेखी कळवून नाव काढता येतं, पण जागा राखून ठेवतीलच असं नाही. (जर्मनीतल्या वाचकांनी हा रस्ता धरू नये, तिथं घरी शिकवायला सहसा परवानगी मिळत नाही.) परतल्यावर नवी शाळा विचारेल, तेव्हा दाखवायला प्रत्येक पानावर तारीख हवी. ती त्याच दिवशी घालायला लावा. महिन्याभरानं कुणालाच आठवत नाही.