फुकटचा अँटीव्हायरसच आपल्यावर पाळत ठेवतो का?

ठेवू शकतो, आणि तसं घडलेलंही आहे. कोणी आपला माग काढू नये म्हणून लोक अवास्ट हा अँटीव्हायरस टाकून घ्यायचे. पण कोणी कुठली साइट पाहिली, काय शोधलं, हे सगळं तिथूनच गोळा होऊन जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकलं जात होतं. दुखणं, कर्ज, धर्म, सगळं त्यातून कळतं हो! २०२० मध्ये जम्पशॉट बंद झाली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित जपणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

परवा बाबांच्या फोनमधल्या टॉर्चच्या ॲपला लोकेशन आणि कॉन्टॅक्ट्स, दोन्हींची परवानगी दिलेली दिसली. उजेड पाडायला नातेवाइकांचे नंबर कशाला लागतात? लगेच काढून टाकलं. तुम्हीही सेटिंग्जमध्ये परमिशन मॅनेजर उघडा आणि माइक, लोकेशन कोणाकोणाला दिलंय ते आजच बघा.