जुने हॉलिवूड विनोदपट संथ का वाटतात, आणि अमेरिकन लेट नाइट शोची गोडी कशी लागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुने कृष्णधवल इंग्रजी विनोदपट लावले की वीस मिनिटांत डोळे मिटतात, लेट नाइट शोच्या, म्हणजे अमेरिकन टीव्हीवरच्या रात्री उशिराच्या गप्पा-विनोदाच्या कार्यक्रमांच्या, क्लिपमध्ये प्रेक्षक खिदळत असतात आणि आपण कोरडेच. इंग्रजी बरं आहे, तरी असं का?

माझ्या मते दोन्हीचं दुखणं एकच आहे. हे विनोद भरलेल्या थिएटरसाठी किंवा स्टुडिओतल्या प्रेक्षकांसाठी बेतलेले असतात. त्यात हशासाठी जागा सोडलेली असते. तुम्ही एकटे बसून पाहता तेव्हा ती जागा रिकामीच राहते आणि ‘संथ’ वाटते. पण त्याआधी टीव्हीकडे बघू, कारण निम्मं नुकसान तिथेच होतं.

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. नवे टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घुसवतात आणि चित्र मालिकेसारखं गुळगुळीत करतात. हे सेटिंग एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’, सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ नावानं सापडेल. ते पूर्ण बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं. नसेल तर पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ ठेवा, कलर टेंपरेचर ‘वॉर्म’ करा, शार्पनेस शून्याजवळ आणा आणि नॉइज रिडक्शन बंद करा. ‘व्हिव्हिड’वर कृष्णधवल चित्र निळसर दिसतं आणि नॉइज रिडक्शन फिल्मचा दाणा पुसताना चेहरेही मेणाचे करून टाकतं.

दुसरी चूक झूमची. १९५३ पूर्वीच्या जवळजवळ सगळ्या हॉलिवूडपटांची चौकट १.३७ ला १ किंवा त्याच्या आसपास असते. आपला टीव्ही १.७८ ला १. म्हणजे ४३ इंची टीव्हीवर दोन्ही बाजूंना साधारण ११ सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या राहणारच, त्या राहू द्या. झूम करून पडदा भरलात तर उंचीचा जवळपास पाव भाग कापला जातो; ताणलात तर माणसं तीस टक्के जाड होतात. विनोदपटात पाय कापले जाणं म्हणजे निम्मा विनोद जाणं, कारण ही मंडळी पायांनी अभिनय करत. यूट्यूबवर ‘टुनाइट शो’चा जुना यजमान जॉनी कार्सन याच्या क्लिपसुद्धा कुणी कुणी अशाच कापून टाकलेल्या असतात. डोकं वरून छाटलेलं दिसलं की ती क्लिप सोडा, चौकोनी चित्राची शोधा.

मूकपटांत आणखी एक घोळ आहे. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवत आणि वेग कमी-जास्त असे. १६ फ्रेमनं चित्रित केलेलं २४ नं दाखवलं की सगळं दीडपट वेगानं पळतं. विनोदवीर मुद्दाम थोडा कमी वेगानं कॅमेरा चालवून धावपळ चपळ दाखवत हे खरं, पण त्यालाही मर्यादा होती. ओळखायचं कसं? नायकाकडे पाहू नका, मागच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांकडे पाहा. ती कळसूत्री बाहुल्यांसारखी तुरुतुरु चालत असतील तर प्रत वाईट आहे. डावीकडच्या माणसाचा खांदा सतत कापला जात असेल तर ती प्रत बोलपटाच्या चौकटीतून काढलेली आहे. त्या चौकटीत ध्वनिपट्टीसाठी डावी कड जाते. तीही नको.

आता क्रम. पहिल्या दिवशी बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनिअर’ (१९२४). फक्त ४५ मिनिटांचा, भाषेची अडचण नाही. मग त्याच्याच ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’मधला (१९२८) वादळाचा प्रसंग. घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनवर कोसळते आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या अंगावरून जाते. तो सरळ उभाच. भिंत खरी आहे, वजनदार आहे, मधे कट नाही आणि त्याच्याभोवती मोकळी जागा काही इंचांचीच. हसू येतं ते भिंत पडल्यावर, तो मान वळवतो तेव्हा. मोठी गोष्ट आधी, छोटी प्रतिक्रिया नंतर. हे लक्षात ठेवा, पुढे कार्सनकडे तेच दिसेल.

मग ग्राउचो, हार्पो वगैरे मार्क्स बंधूंचा ‘डक सूप’ (१९३३, ६८ मिनिटं). त्यातला आरशाचा प्रसंग दोनदा पाहा. आरसा फुटलाय आणि ग्राउचोसारखेच कपडे केलेला हार्पो पलीकडे उभा राहून प्रतिबिंबाचं सोंग घेतो. संवाद नाही, पार्श्वसंगीतही नाही. पहिल्या वेळी ग्राउचोकडे बघा, दुसऱ्या वेळी हार्पोकडे. कोण किती क्षण मागे आहे ते दुसऱ्या वेळीच कळतं. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी पूर्वी लॉरेल-हार्डीबरोबर काम केलेला, त्यामुळे बोलपटाच्या काळातही गप्प बसायची हिंमत त्याच्यात होती.

हशाच्या जागेबद्दल म्हटलं ते इथे येतं. ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’च्या (१९३५) आधी निर्माता अर्व्हिंग थॅलबर्गनं मार्क्स बंधूंना यातले प्रसंग घेऊन रंगमंचावर दौऱ्याला पाठवलं. कुठे किती हसतात ते मोजलं आणि त्या हिशेबानं प्रसंग बेतले. त्यामुळे घरी एकट्यानं पाहताना दोन वाक्यांमध्ये विचित्र पोकळी जाणवते. उपाय साधा: हे चित्रपट तीन-चार जणांत पाहा. मुंबईत असाल तर प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायटीच्या खेळांवर लक्ष ठेवा. अंधारात अनोळखी माणसांबरोबर पाहिलं की तीच पोकळी भरून निघते.

दिग्दर्शक बिली वाइल्डरनं या पोकळीवर काढलेली युक्ती ‘सम लाइक इट हॉट’मध्ये (१९५९) आहे. बाईच्या वेषातला जॅक लेमन आपलं लग्न ठरल्याचं मित्राला सांगतो. प्रत्येक वाक्यावर हशा येणार आणि पुढचं वाक्य बुडणार, हे वाइल्डरला ठाऊक. त्यानं लेमनच्या हातात मराकस, म्हणजे खुळखुळे, दिले. वाक्य झालं की लेमन खुळखुळे वाजवत नाचतो, हशा ओसरला की पुढचं वाक्य. घरी पाहणाऱ्यालाही जागा रिकामी वाटत नाही, कारण तिथे काहीतरी चाललेलं असतं.

याच्या अगदी उलट हॉवर्ड हॉक्सचा ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०, ९२ मिनिटं). तिथे जागाच सोडलेली नाही. माणसं एकमेकांच्या वाक्यांवर चढून बोलतात. हॉक्स वाक्याच्या आगेमागे बिनमहत्त्वाचे शब्द लिहून घ्यायचा, म्हणजे तेवढे दुसऱ्याच्या बोलण्याखाली दबले तरी अर्थ शाबूत. म्हणून प्रत्येक शब्द पकडायच्या फंदात पडू नका, मधला भाग पकडा. अमेरिकेत याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण झालं नाही, त्यामुळे प्रती ढिगानं सापडतात आणि बऱ्याचशा धुरकट असतात. आवाज घोगरा वाटला तर दुसरी प्रत शोधा. टीव्हीवरचा आभासी सराउंड बंद ठेवा. मूळ ध्वनी मोनो, म्हणजे एकाच स्पीकरसाठीचा आहे, त्याला पसरवलं की संवाद विहिरीतून आल्यासारखे येतात.

१९३४ च्या मध्यापासून पडद्यावर काय दाखवायचं यावरची हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली आणि १९६८ मध्ये प्रेक्षकांच्या वयानुसार चित्रपटांच्या वर्गवारीची पद्धत येईपर्यंत टिकली. सरळ बोलायची सोय नाही म्हणून लेखक दुहेरी अर्थानं बोलू लागले. १९३०-४० च्या दशकांतल्या चित्रपटांत नायक-नायिका भांडताना दिसले की समजा, ते प्रेमच चाललंय.

आता लेट नाइट. बहुतेक जण इथे आजच्या मोनोलॉगपासून, म्हणजे सुरुवातीच्या उभ्यानं केलेल्या विनोदांपासून सुरुवात करतात आणि फसतात. मोनोलॉग हा ताज्या मासळीसारखा आहे, दोन दिवसांनी त्याचा वास येतो. तुम्ही मुलाखतींपासून सुरू करा, तेही तुम्ही नुकत्याच पाहिलेल्या नटांच्या. डिक कॅव्हेट १९६९ पासून एबीसी वाहिनीवर, कार्सनच्या कार्यक्रमाला टक्कर देत, दीड तासाचा कार्यक्रम करायचा. त्याच्याकडे ग्राउचो, ऑर्सन वेल्स, बेटी डेव्हिस, हिचकॉक सगळे येऊन बसले. कॅथरीन हेपबर्न १९७३ मध्ये फक्त स्टुडिओ बघायला आली, फर्निचरवरून कुरकुर केली आणि आत्ताच चित्रित करू म्हणाली. प्रेक्षक नव्हतेच. त्यातून दोन भाग निघाले. आधी तिचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (१९३८) पाहा, मग ही मुलाखत. तोच धडाका पस्तीस वर्षांनी बिनपटकथेचा दिसतो. जिमी स्ट्युअर्टचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०) पाहिल्यावर १९८१ मध्ये त्यानं कार्सनकडे वाचलेली आपल्या कुत्र्यावरची कविता पाहा. कार्सन विनोद करत नाही, नुसता ऐकतो. यजमानाचं अर्धं काम तेच.

‘टुनाइट शो’ १९५४ मध्ये स्टीव्ह ॲलननं सुरू केला. त्यानंतरचा जॅक पार फेब्रुवारी १९६० मध्ये चालू कार्यक्रमातून उठून गेला, कारण वाहिनीनं त्याचा संडासावरचा विनोद न विचारता कापला. मार्चमध्ये परत आला. १ ऑक्टोबर १९६२ ला जॉनी कार्सन आला, त्याची ओळख करून द्यायला ग्राउचो होता. कार्सन २२ मे १९९२ पर्यंत बसला. न्यूयॉर्कमधल्या पहिल्या दहा वर्षांच्या बहुतेक टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, त्यामुळे तुम्हाला दिसेल तो मुख्यतः १९७२ नंतरचा कॅलिफोर्नियातला कार्सन.

त्याचं खरं कसब पडलेल्या विनोदात आहे. विनोद पडला की तो थांबतो, हसत नाही, कॅमेऱ्याकडे किंवा बँडकडे बघतो. ही थांबायची कला त्यानं जुना विनोदवीर जॅक बेनी याच्याकडून उचलली. फारच पडला तर बँड ‘टी फॉर टू’ या जुन्या गाण्याची चाल धरतो आणि कार्सन सावकाश पाय घासत नाचतो. मग मूळ विनोदाला न मिळालेला हशा या नाचाला मिळतो. या मंडळींच्या भाषेत याला ‘सेव्हर’ म्हणतात. शेजारी बसलेला त्याचा साथीदार एड मॅकमोहन म्हणजे पोवाड्यातला झीलकरी; त्याचं ‘जी जी’ नसेल तर शाहिराला दम घेता येत नाही.

मोनोलॉगच्या विनोदाची बांधणी अशी: एक वाक्य बातमी, मग वळण, आणि विनोदाचा शब्द अगदी शेवटी. उदाहरणार्थ: महापालिकेनं खड्डे मोजायला ॲप काढलंय, उघडलं की आधी विचारतं, तुम्ही रस्त्यावर आहात की खड्ड्यात? आता ‘खड्ड्यात आहात की रस्त्यावर’ असं करून बघा. मेला. इंग्रजीतही हेच, आणि म्हणूनच सबटायटलं घात करतात: वाक्य पडद्यावर एकदम उमटतं, शेवटचा शब्द यजमानाच्या आधी तुम्ही वाचता. मोनोलॉग आधी सबटायटलांशिवाय ऐका. निसटला तर दहा सेकंद मागे जाऊन ती लावा. चित्रपटाला मात्र ती खुशाल ठेवा.

चार यजमान एकेक दिवस पाहण्यापेक्षा एकच यजमान सलग चार दिवस पाहा, कारण सोमवारचा विनोद गुरुवारी पुन्हा डोकावतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे ११:३५ म्हणजे आपल्याकडे, तिथली उन्हाळी वेळ चालू असताना सकाळचे ९:०५ आणि एरवी १०:०५. त्याच दिवशी, तिथल्या चार ठळक बातम्या नजरेखालून घालून मग पाहा. तेवढा उत्साह नसेल तर एचबीओवरचा जॉन ऑलिव्हर बरा. तो एकच विषय घेऊन संदर्भ स्वतःच समजावतो, त्यामुळे जुना भागही शिळा लागत नाही. सेथ मायर्स २०१५ पासून सुरुवातीचे विनोदही टेबलामागे बसून करतो, बातमीपत्र ऐकायची सवय असलेल्यांना तो लवकर जमतो. सीबीएस वाहिनीनं जुलै २०२५ मध्ये ‘लेट शो’ मे २०२६ ला बंद करणार असं जाहीर केलं, पण स्टीफन कोलबेरचे २०१५ पासूनचे भाग आणि त्याआधीचा डेव्हिड लेटरमन यांच्या क्लिप भरपूर आहेत.

लेटरमन तुम्हाला कीटननंतर लगेच आवडेल. १९८४ मध्ये तो वेलक्रोचा सूट घालून ट्रँपोलिनवरून उडी मारून भिंतीला चिकटला. विनोद एवढाच. चिकटल्यावरचा त्याचा निर्विकार चेहरा बघा आणि ‘स्टीमबोट बिल’मधली वळणारी मान आठवा.

एवढं करून शंका उरली तर एक तपासणी. मार्च २०२० नंतर हे यजमान काही महिने प्रेक्षकांविना, घरूनच कार्यक्रम करत होते. त्या काळातला एखादा मोनोलॉग आणि त्याच यजमानाचा आदल्या वर्षीचा, असे दोन लागोपाठ लावा. लेखक तेच, बांधणी तीच. पण घरच्या भागात वाक्य संपल्यावरच्या शांततेत यजमान काय करतो ते पाहा. कुणी घाईनं पुढचं वाक्य घेतो, कुणी कॅमेऱ्याकडे नुसता बघत राहतो. जो बघत राहतो, त्याचे जुने भाग शोधा.