महिला प्राध्यापक इतक्या असूनही महिला कुलगुरू कमी का?

खरी अडचण कुलगुरूपदाच्या मुलाखतीत नसते. ती पंधरा-वीस वर्षं आधी बढतीच्या फायलीत सुरू होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांनुसार कुलगुरूपदासाठी प्रोफेसर (प्राध्यापकांमधलं सर्वात वरचं पद) म्हणून किंवा समकक्ष कामाचा १० वर्षांचा अनुभव लागतो. मी कॉलेजच्या आस्थापना विभागात बढतीच्या त्याच फायली हाताळते. मुलं लहान असताना बढतीसाठी लागणारा रिफ्रेशर कोर्स (उजळणी प्रशिक्षण) हुकतो, शोधनिबंध रखडतात, एकेक बढती दोन-तीन वर्षं लांबते. मग ती १० वर्षं भरेपर्यंत निवृत्ती दारात उभी. त्यात मॅडमना सांस्कृतिक समिती आणि पाहुण्यांचं स्वागत (रांगोळीसकट!), तर खरेदी, परीक्षा, बांधकाम सरांकडे. निवड समितीला नेमका हाच प्रशासकीय अनुभव बायोडाटात हवा असतो. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पण पहिल्या महिला कुलगुरू डॉ. स्नेहलता देशमुख आल्या १९९५ मध्ये. अर्थात सगळीकडे सारखं चित्र नाही: मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात महिला कुलगुरू ही नवलाई नाही, आणि जेएनयूला २०२२ मध्ये, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला २०२४ मध्ये पहिल्या महिला कुलगुरू मिळाल्या.